माशांसाठी मागवलेले झिंगे

आई, तुला पत्र लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. तू होतीस तेव्हाही मी कधी लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि आपल्या दोघांमधलं काही गुरुजींनी ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवावं हे मला नको असायचं. आता तर तुला जाऊन अकरा वर्षं होऊन गेली. पण मागच्या आठवड्यात तुझ्या नातीने मला सहज बोलता बोलता एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून बारा वर्षांपूर्वी माझ्या इथल्या स्वयंपाकघरात मी तुला जे बोललो ते एकसारखं कानात वाजतंय. मी चुकलो होतो, एवढंच असतं तर चाललं असतं. तू मला सांगायला निघाली होतीस आणि मी तुला सांगू दिलं नाही, हे मात्र काही केल्या गिळता येत नाही.

तुला हे अमेरिकेतलं घर आठवत असेल. अ‍ॅशबर्नची ती खिडक्या नसलेली डेटा सेंटरं मागे टाकून पश्चिमेला अर्धा तास गेलं की शेतं सुरू होतात, तिथलं. ऑफिसातल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. एवढ्या पैशात टाउनहाउस मिळालं असतं, शाळा जवळ, देसी ग्रोसरी जवळ. मी घेतलं ते फक्त मागच्या तळ्यासाठी. आपल्याकडच्या तळ्यांपुढे ते डबकंच, पण माझ्या नावावरचं. तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा काठावर उभी राहून म्हणालीस, "बाप्पा, एवढं पानी आन् धुनं धुवाले एकही बाई नाही?" तुझी नात खो खो हसली होती. मग तू विचारलंस, यात मासे कोणते? मी म्हणालो, पर्च. पिवळे, अंगावर उभे पट्टे असलेले. तुला इंटरनेटवरचा फोटो दाखवला. तू तो बराच वेळ पाहिलास आणि विचारलंस, "हे खातेत काय?" मी तुला पर्चबद्दल अर्धा तास भाषण दिलं. तुला, जिचं अर्धं आयुष्य कमरेएवढ्या पाण्यात गेलं होतं. माझं सगळं ज्ञान व्हिडिओ बघून आलेलं होतं, आणि तू मात्र अगदी मान हलवून हलवून ऐकत होतीस.

आता वाटतं, मला काहीच कसं माहीत नव्हतं? आपण ढिवर, मासे धरणारे. मामा, आजा, सगळे तळ्यावरचे. पण तूच मला तळ्याकडे फिरकू दिलं नाहीस. माझे पाय तिकडे वळलेले दिसले की टोपली डोक्यावर घेऊन तू लांबूनच ओरडायचीस, "जाय घरी, पुस्तक घे!" इतर पोरं पोहायला शिकली, जाळं विणायला शिकली, मी त्रिकोणमिती शिकलो. तुझ्या अंगाला येणारा पाण्याचा आणि शेवाळाचा वास मला आवडायचा, पण शाळेत कुणी विचारलं तर आई शेतावर जाते असं सांगायचो. हे तुला माहीत होतं की नाही, मला अजूनही ठाऊक नाही. माहीत असेलच. तुला सगळंच माहीत असायचं, फक्त तू बोलायची नाहीस.

तर तो मे महिन्यातला शनिवार. पर्चना नुसतं दाणेदार खाद्य घातलं तर ते सुस्त होतात, त्यांना नैसर्गिक खाणं हवं, असं मी वाचलं होतं, आणि त्यासाठी क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांग्यावाले झिंगे, जिवंत मागवले होते. अगदी राज्याच्या मत्स्यखात्याला फोन करून, परवानगी घेऊन, इथल्याच ओढ्यांत सापडणाऱ्या जातीचे. काठालगत उथळ पाण्यात दगड रचून ठेवले होते, त्यांना लपायला. बर्फाच्या पिशव्या घातलेले दोन खोके सकाळी दारात आले तेव्हा मी आणि तुझी सून बाहेर गेलो होतो. दुपारी ऑफिसातली दोन पुणेकर कुटुंबं जेवायला यायची होती, त्यातला एक माझा मॅनेजर. आम्ही केक आणि पनीर घेऊन परत आलो, दार उघडलं, आणि लसणाच्या फोडणीचा, झणझणीत रश्शाचा असा काही वास आला की मी जागच्या जागी थबकलो. तुझी नात, तेव्हा सात वर्षांची, ओट्याशेजारच्या उंच स्टुलावर बसून पाय हलवत होती. तू पदर खोचून गॅसपाशी. दोन महिने तू त्या घरात पाहुण्यासारखी बसून होतीस. डिशवॉशरला हात लावायचा नाही, फोन आला तर घ्यायचा नाही, एकटीने बाहेर पडायचं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तुझा चेहरा तुझ्या स्वतःच्या घरात असायचा तसा दिसत होता. हे मला आज दिसतंय. त्या दिवशी मला फक्त पातेल्यातले लाल झालेले क्रेफिश दिसले.

"आई, हे काय केलंस तू? हे खायचे नव्हते! पर्चसाठी ऑर्डर केले होते मी!"

तू हातातला चमचा खाली ठेवलास. "सारेच नाही रांधले ना रे, मी त..."

"आता काही सांगू नकोस. ते माशांसाठी होते, आई, तुझ्यासाठी नव्हते. आणि आज लोक येणार आहेत. घरभर वास सुटलाय. काय म्हणतील ते?"

हे वाक्य मी लिहिलं आणि थोडा वेळ उठून अंगणात जाऊन आलो. आईला कुणी असं म्हणतं का? मासे तुझ्या आधी. आणि नुसतं बोलून थांबलो नाही. सगळ्या खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट लावला, आणि ते पातेलं तसंच उचलून बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. बायको म्हणाली, "अरे, राहू दे ना, मी खाते." मी तिच्यावरही खेकसलो. तू पदराला हात पुसलेस आणि तुझ्या खोलीत गेलीस. पाहुणे आले, त्यांनी विचारलं, "काकू कुठे आहेत?" मी म्हणालो, "जरा थकल्यात, आराम करतायत." मग सगळ्यांना तळं दाखवायला घेऊन गेलो. दुपारभर मी अगदी उत्तम यजमान होतो.

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात तू कशालाच हात लावला नाहीस. चहासुद्धा समोर ठेवला तरच प्यायचीस. दोन आठवड्यांनी म्हणालीस, "मले आता गावाले जाऊ दे," आणि मी एकदाही, थांब ना, असं म्हटलं नाही. तिकीट प्रीपोन केलं, डलेस विमानतळावर व्हीलचेअरची सोय केली, सगळं व्यवस्थित केलं. गेटपर्यंत येता येत नाही, म्हणून सिक्युरिटीच्या रांगेतूनच तू वळून हात केलास. त्या हिवाळ्यात तू गेलीस. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात काठावरचा एक दगड उचलला तर खालून बोटाच्या पेरापेक्षाही लहान क्रेफिश सुळकन मागे सरकले. पाच-सात दगड उचलले, सगळीकडे तेच. मला वाटलं, शेजारच्या ओढ्यातून चढून आले असतील. तळं भरून क्रेफिश झाले, आणि ती पिल्लं खाऊन पर्च असे काही फोफावले की बघणारा चाट पडावा.

तुझी नात आता कॉलेजात आहे. मागच्या आठवड्यात सुट्टीवर आलीये. आम्ही तळ्यात लावलेला पिंजरा वर काढत होतो. तिने एक क्रेफिश पाठीला धरून उचलला, उलटा केला, शेपटीखाली चिकटलेला काळ्या मण्यांसारखा अंड्यांचा घोस पाहिला आणि लगेच पाण्यात सोडून दिला. म्हणाली, "लेकुरवाळी हाय. हिले पान्यात जाऊ दे." तिच्या त्या अमेरिकन जिभेवर तुझी बोली. मी विचारलं, हे कुठे शिकलीस?

"आजीकडून. त्या दिवशी आम्ही दोघींनी सोडले होते ना? बॉक्समधले सगळे उलटे करून चेक केले. अंडीवाल्या सगळ्या तिने मला दिल्या, मी दगडांखाली ठेवल्या. आजी म्हणाली, आपल्याकडे अंडीवाली कोणी मारत नाही. मोठे राहिले ते कुक केले."

"पण ते माशांसाठी होते, हे तिला..."

"शी न्यू, बाबा. मीच सांगितलं होतं. ती म्हणाली, तुमच्या माशांचं तोंड एवढंसं, एवढे मोठे ते कसे खातील? त्यांना पिल्लं लागतात. अंडीवाल्या आयांना सोडलं की पिल्लं होतील." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "यू डिडन्ट नो? आय थॉट यू न्यू. आजीने तुम्हाला सांगितलं नाही?"

म्हणजे तू तो फोटो बघत होतीस तेव्हा तोंड बघत होतीस. मी अर्धा तास बोलत होतो आणि तू माशाचं तोंड मोजत होतीस. दोन खोके भरून जे मी मागवलं होतं, त्यातलं तळ्याला हवं ते तू तळ्याला दिलंस, आणि उरलेलं माणसांना वाढायला घेतलंस. माझ्या पाहुण्यांना, बहुधा. मुलाच्या घरी लोक जेवायला येणार, म्हणून. याच्यात चूक कुठे होती, ते मी गेला आठवडाभर शोधतोय. तू मला आणखी दोन वाक्यं बोलली असतीस तर मी तिथेच थांबलो असतो. पण मी तुला एकही पुरं करू दिलं नाही, आणि तुझ्या हट्टी स्वभावाप्रमाणे तूही नंतर परत तो विषय काढला नाहीस. रागावली होतीस का माझ्यावर? रागावली असलीस तर बरं होईल. नुसतीच गप्प बसली असशील तर ते मला जास्त जड जातं.

हे पत्र कुठे टाकणार मी? लिहून झालं की वहीतच राहील. बायकोलाही दाखवणार नाही. पण वही मिटण्याआधी एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर या सगळ्या लिहिण्याला काही किंमत नाही. काल आमच्या रस्त्यापलीकडचे गोरे म्हातारे काका आले होते. त्यांनाही शेतावर तळं करायचंय. माझे पर्च पाहून त्यांनी विचारलं, क्रेफिश इतके छान कसे बसवले, कुणी शिकवलं? तुझी नात तिथेच उभी होती. सगळं कळून पाच दिवस झाले होते. आणि आई, मी त्यांना म्हणालो, मीच वाचून वाचून शिकलो.