गालावरचा तीळ

ठमे,

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू फोन करशील आणि परत तेच म्हणशील, "आई, लिहून का नाही घेतलंस?"

तू पहिलीत असताना त्या गोष्टीच्या पुस्तकासाठी मी तुझीच चित्रं काढली. प्रकाशक म्हणाले, "वहिनी, आपल्यात कागद कशाला?" मलाही मागायचा संकोच वाटला. पुढे चित्रातली तू दप्तरांवर आलीस, डब्यांवर आलीस. मी भांडायला गेले नाही म्हणून तू चिडलीस. खरं सांगू? तू इतकी लांब गेलीस, पण रोज सकाळी शाळेच्या रस्त्यावर पोरांच्या पाठीवर दिसायचीस. मला तेवढं पुरायचं.

काल दुकानात नवी दप्तरं पाहिली. तुझ्या गालावरचा तीळ त्यांनी पुसून टाकलाय. प्रकाशकांकडे फोन केला, तर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, बदल करताना तुम्हाला विचारायचं, असं कुठे लिहिलंय का?" कुठेच नाही.

आज एकजण मुखपृष्ठाचं काम घेऊन आला होता. आधी सगळं लिहून सही कर म्हटलं. त्याचा चेहरा पडला. पडू दे.

एक दप्तर विकत आणलंय. काळं पेन घेऊन तुझा तीळ परत द्यायला बसले, आणि डावा गाल की उजवा, तेच आठवेना. फोटोत बघता येईल. पण तुलाच फोन करून विचारावंसं वाटतंय, आणि धीर होत नाही.

पेनाचं टोपण उघडं टाकून बसलेली,
तुझी आई