अकरा मीटर चाळीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडला! तिसरासुद्धा सापडला!

नऊ नंबरच्या बोअरची पेटी आज खाली काढली. दुसऱ्या ओळीत, बरोब्बर अकरा मीटर चाळीसवर — काळी माती. चार बोटं जाड, कोळशासारखी काळी. वरखाली साधी पिवळी चिकणमाती. चार नंबरच्या पेटीत तेच. सात नंबरच्या पेटीत तेच. तिन्ही बोअर एकमेकांपासून पाऊण-पाऊण किलोमीटर लांब, मध्ये नदी आडवी, आणि खोली एकच!

मी खाली बसलो. खरंच, फरशीवर फतकल मारून बसलो. अठ्ठावीस वर्षं या शेडमध्ये पेट्या सांभाळतोय. पूल बांधायचा, इमारत बांधायची, की आधी जमिनीला भोक पाडतात. नळीतून मातीचा जो दांडा निघतो तो लांबट पेट्यांमध्ये ओळीने ठेवतात, मधे मधे खोली लिहिलेले लाकडी ठोकळे. पाडणारे वेगळे, तपासणारे वेगळे, मी नुसता ठेवणारा. एकदा अहवाल गेला की पेटीकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी बघतो.

सांगायला कुणी नव्हतं. शेवटी चहावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं काका. साखर कमीच ना?"

५ फेब्रुवारी

आज शांतपणे लिहितो. काल अक्षरसुद्धा धड नव्हतं.

बारा हजार आठशे वर्षांपूर्वी एक धूमकेतू फुटला आणि त्याचे तुकडे पृथ्वीवर कोसळले. रानंच्या रानं पेटली. त्या राखेचा काळा थर ठिकठिकाणी जमिनीत आहे. उत्तरेचं बर्फ वितळलं, पाणी सुटलं, समुद्र चढत गेला. किनाऱ्यावर जे कुणी शहाणे लोक राहत होते, घरं बांधणारे, तारे मोजणारे, ते पाण्याखाली गेले. आणि जे वाचले त्यांनी पोराबाळांना पुराची गोष्ट सांगितली. ती अजून चालू आहे, प्रत्येक भाषेत.

हे मी सतरा वर्षं वाचतोय. बहुतेक शास्त्रज्ञ मान्य करत नाहीत, तेही वाचलंय. ऑफिसात मला प्रलयकाका म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. म्हणू देत! सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांवर बोलत होतो, आता माझ्याकडे माझ्या हाताने काढलेल्या तीन पेट्या आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

दहाला हिचा फोन. दर रविवारी असतो. "जेवता ना नीट? गोळी घेता ना? गॅस बंद करून झोपता ना?" मी तीनदा हो म्हणतो. मग माझी पाळी. आज काळ्या थराचं सगळं सांगितलं, श्वास न घेता. ती "हं" म्हणत राहिली. मागे नात रडत होती. "अहो, ठेवू का? हिला दूध द्यायचंय."

चिरंजीवांचं शहर इथून बसने नऊ तास. नात झाली तेव्हा ही दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. येत्या एप्रिलात तीन वर्षं होतील. कधी येतेस असं मी विचारत नाही. विचारलं नाही की नकार ऐकावा लागत नाही. आणि येऊ का, असं ती विचारत नाही. दोघंही मोठे हुशार!

११ फेब्रुवारी

विद्यापीठातल्या प्राध्यापकबाईंना पत्र पाठवलं. जुन्या गाळाचं वय काढण्यात त्यांचं नाव आहे म्हणे. पहिल्या खर्ड्यात धूमकेतू पहिल्याच ओळीत होता. फाडला. असल्या पत्रांचं काय होतं ते मला ठाऊक आहे, आजवर सात जणांना लिहिलीत. या वेळी फक्त पेट्या, नंबर, खोली, तीन फोटो. धूमकेतू शेवटच्या ओळीत, तोही चोरासारखा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन आला!! बाईंचा!

"तिन्ही ठिकाणी एकाच खोलीवर? खात्री आहे तुमची?" म्हटलं, ठोकळ्यावर लिहिलंय. मग त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी परत विचारलं. धूमकेतूचं त्या काही बोलल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. "सहा मार्चला, गुरुवारी येते. आल्याशिवाय काही बोलणार नाही मी. बोअर पाडतानाचे मूळ कागद तेवढे काढून ठेवा."

ठेवल्यावर बघितलं — बावीस मिनिटं. माझ्याशी बावीस मिनिटं कुणी बोललंय अशी अलीकडची एकही आठवण नाही. दाताचे डॉक्टर धरून.

२० फेब्रुवारी

शेडमध्ये खुर्ची एकच. दुसरी आणली. दोन नवे कपही आणले, जुन्याचा कान तुटलाय. झाडलं, पुसलं, कोळिष्टकं काढली. आरशात बघून बोलायची तालीमसुद्धा केली. या वयात! कुणी बघितलं असतं तर मुलगी बघायला जायचंय असं वाटलं असतं.

२४ फेब्रुवारी

मुख्य ऑफिसातून मूळ कागद आले. सात नंबरच्या कागदावर स्पष्ट आहे — "काळी चिकणमाती, ११.३० ते ११.५२." शाब्बास!

चार नंबरच्या कागदावर त्या खोलीला — "नमुना मिळाला नाही." नऊ नंबरच्याही — "नमुना मिळाला नाही."

मिळाला नाही म्हणजे काय? पेटीत आहे ना! बोअर पाडणारा वस्ताद आळशीच होता. सावलीत बसून अंदाजपंचे भरले असतील कागद. सकाळपासून त्याच्यावर नुसता जळफळाट चाललाय माझा.

२५ फेब्रुवारी

वस्तादाला फोन लावला. तो आता घरी असतो, कोंबड्या पाळल्यात. चांगला झापायचा म्हणूनच लावला होता.

"काळी माती?" तो म्हणाला. "त्या नदीवर मला ती एकदाच लागली. सात नंबरला, वीतभर. चार न नऊला तिथं सगळं पाण्यासंगं वाहून गेलं, नळी रिकामी वर आली. मी पेटीत तेवढी जागा मोकळी सोडली होती. माझ्या हातचं काम आहे, मी विसरेन होय?"

मग म्हणाला — "काका, मध्ये तुमचा रॅक पडला होता ना? त्या पेट्या परत कुणी भरल्या?"

मी म्हटलं, बघून सांगतो.

बघायचं काय त्यात? मीच भरल्या.

२६ फेब्रुवारी

गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

२७ फेब्रुवारी

शटर खाली ओढलं, तिन्ही तुकडे बाहेर काढले, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवले.

जुळतात.

एक तुकडा दुसऱ्याला लावला, तर फुटलेल्या बशीसारखा बसला. मधल्या तुकड्यात गोगलगायीचा अर्धा शंख आहे, उरलेला अर्धा खालच्या तुकड्यात. तिन्ही मिळून बरोब्बर वीतभर. ते सात नंबरचंच. पेट्या उपड्या झाल्या तेव्हा तुटलं असणार, आणि मी प्रत्येक पेटीत जिथे रिकामं दिसलं तिथे एकेक तुकडा नीट बसवून दिला. रिकामी जागा मला बघवत नाही ना! आणि मग तीन वर्षांनी तीच पेटी उघडून मी फरशीवर फतकल मारतो. डोक्यावर हात मारून घ्यावा तरी किती वेळा?

मग नोंदवही काढली. "१४ एप्रिल. पहाटे रॅक क्र. ३ कोसळला. बोअर ४, ७, ९ च्या पेट्या दुपारी १ ते सायं. ६ या वेळात पुन्हा भरल्या." खाली माझी सही.

चौदा एप्रिल. त्या दिवशी मी हिला बाराच्या बसमध्ये बसवून दिलं होतं.

रखवालदाराचा फोन सकाळीच आला होता. घाई काहीच नव्हती, दोन दिवसांनी भरल्या असत्या तरी चाललं असतं. पण बस गेली आणि पाय घराकडे वळेनात. कुलूप उघडून आत जायचं आणि आत कुणी नाही, हे मला झेपणार नव्हतं. सरळ शेड गाठली. अजून आठवतं, ठोकळ्यावरचे आकडे दोन-दोन दिसत होते. कुणी आलं तर डोळे दिसू नयेत म्हणून दाराकडे पाठ करून बसलो होतो.

आणि स्टँडवर मी काय केलं? बस सुटेपर्यंत तिला समुद्र एकशेवीस मीटर कसा चढला ते समजावून सांगत होतो. ती मधेच म्हणाली, "मी नसले की काय कराल हो तुम्ही?" मी म्हटलं, "वाचीन की. बरंच वाचायचं राहिलंय."

गाढव! गाढव!

२ मार्च, रविवार

हिचा फोन. जेवतो, घेतो, करतो. पुढे काही बोललो नाही. "आज धूमकेतू नाही का?" म्हणाली. म्हटलं, खोकला आहे.

३ मार्च

तुकडे परत तिन्ही पेट्यांत ठेवलेत. का, ते लिहिलंच पाहिजे, इथे तरी खोटं कशाला.

बाईंना फोन केला तर त्या येणार नाहीत. नाही केला तर येतील. दोन तास बसतील. तुकडे तपासायला नेतील, महिनाभर लागेल, मधून मधून फोन करतील. कागदाचं काय, वस्तादाने लिहायचा कंटाळा केला म्हणता येईल. तो कोंबड्या सोडून भांडायला थोडाच येणार आहे?

फोन तीनदा हातात घेतला. तीनदा ठेवला.

६ मार्च, गुरुवार

बाई अकराला आल्या. तरुण आहेत, चिरंजीवांपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या. बुटांवर धूळ, खिशात स्वतःचं भिंग. नवी खुर्ची दिली, बसल्याच नाहीत. सरळ पेटीपाशी उकिडव्या.

चार नंबर बघितली. सात नंबर बघितली. मी गप्प. वीस मिनिटं मी नुसता गप्प राहून खोटं बोलत होतो आणि, खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. शेडमध्ये आणखी कुणाच्या तरी श्वासाचा आवाज होता.

नऊ नंबर उघडली तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. "काका," म्हणाल्या. सर, साहेब काही नाही, एकदम काका! "धूमकेतूचं मी काही म्हणत नाही. पण नदीच्या दोन्ही अंगांना एकच थर असेल ना, तर मी माझी मुलं घेऊन येते. उन्हाळाभर काम करू इथे."

उन्हाळाभर! चार-पाच मुलं, धडपड, प्रश्न, सारखा चहा. मला सगळं दिसलंसुद्धा.

"बाई, थांबा जरा," मी म्हटलं. तिन्ही तुकडे उचलले, टेबलावर ठेवले आणि जोडून दाखवले. शंखाशी शंख.

त्यांनी भिंग लावून जोड तपासला. मग खुर्चीवर बसल्या. मी चहा ओतला. "जुन्या तळ्याचा गाळ असणार हा," म्हणाल्या. "गोगलगाय गोड्या पाण्यातली आहे." रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आठवडा झाला."

"चार तास गाडी चालवून आले मी."

"कळवलं असतं तर आला नसतात."

बाईंनी चहा संपवला, कप स्वतः नळाखाली धरून विसळला. सव्वाबाराला गाडी फाटकाबाहेर पडली. मी सात नंबरची वीतभर माती सात नंबरमध्ये ठेवली. चार आणि नऊच्या पेट्यांत जागा मोकळी ठेवली, आणि ठोकळ्यांवर लिहिलं — नमुना मिळाला नाही.

९ मार्च, रविवार

हिला सगळं सांगितलं. धूमकेतूचं नाही, चौदा एप्रिलचं. तू गेल्यावर घरात पाय टाकवेना, तसाच शेडवर गेलो, सहापर्यंत पेट्या भरत बसलो आणि रडत रडत सगळ्या चुकीच्या भरल्या.

मागे नात काहीतरी मागत होती. "थांब गं जरा," ही तिला म्हणाली.

मग मला म्हणाली, "मी पुढच्याच थांब्यावर उतरले होते हो. रिक्षा करून घरी परत आले. किल्ली तुमच्याकडे दिलेली, म्हणून जिन्यात बसले. म्हटलं, गेले असतील वाचनालयात, सुटलो एकदाचा म्हणून. खालच्या शिवणवालीने पाणी आणून दिलं, तिला म्हटलं, यांना सांगू नका. पाचपर्यंत वाट बघितली. मग साडेपाचची बस मिळाली."