दाजींचा सत्कार

अंबरनाथ पूर्व,
फेब्रुवारी २००४

प्रिय राजरत्न,

नागपूरला मामांकडे रुळलास ना? मामी पोटभर खाऊ घालतात, असं आई सांगत होती. फोनवर माझा आवाज आला की तू रिसीव्हर ठेवतोस, म्हणून लिहायला बसले. मी ओरडणार नाही. ओरडून झालं माझं, आणि कुठे ओरडले तेही तुझ्या कानावर आलंच असेल.

कॅम्प दोनच्या बाजारात तुझ्या दाजींचा मरणोत्तर सत्कार झाला. तू आणि दाजी कामाला होतात त्या कपड्यांच्या कारखान्याच्या नाक्यावर 'वीर जयदेव चौक' अशी पाटी लागली. फ्लेक्सवर माझ्या नवऱ्याचा लग्नातला फोटो होता, माझा खांदा कापून काढलेला, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या बाजाराचे हसरे चेहरे. याच चेहऱ्यांनी पोलिसांना सांगितलं होतं, लाइट गेली होती, आम्हाला काही दिसलं नाही. भर दुपारी! सेठसुद्धा त्यातलेच. मशीनवरचे कारागीर तर म्हणे सगळे एकाच वेळी चहाला गेले होते.

तुझं काज-बटणाचं मशीन अजून तसंच बंद आहे. दारालगतच्या कटिंगच्या टेबलाजवळची फरशी ॲसिडनं घासली, तरी डाग गेलेला नाही. मी दाजींना शेवटची आंघोळ घातली, तेव्हा सगळं पाहिलं. पहिला वार मनगटावर होता, म्हणजे हात वर केला असणार. हाड दिसत होतं. दुसरा मानेवर. तिथेच संपलं होतं, तरी पोटात चॉपर फिरवला होता. मी चादरीनं पोट बांधलं, तीही भिजली. शेजारच्या वेणूबाई दुसरी चादर घेऊन आल्या.

आणि हे कशापायी? कारखान्यात धागे कापणाऱ्या पायलचा वार करणाऱ्या त्या पोरानं रस्त्यात हात धरला, तिनं त्याच्या थोबाडीत दिली. दुसऱ्या दिवशी तो दोघांना घेऊन तिला उचलून न्यायलाच आला. दाजी दारात आडवे उभे राहिले आणि ती मागच्या दारानं निसटली. पोरगी वाचली, चांगलंच झालं. पण मला दाजींचा फार राग येतो रे. घरात पाल दिसली की खाटेवर चढून मला हाका मारणारा माणूस! यांना कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?

सत्काराला मला शाल पांघरायला कोण उठावं? चिंतामणीभाऊ. त्या पोराचा सख्खा काका. यानंच वकील लावून पुतण्याला जामिनावर बाहेर काढला. माइकवर म्हणाला, अशा शूरांची समाजाला गरज आहे, आणि नारळ माझ्या हातात ठेवून नमस्काराला वाकला. तोच नारळ मी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कपाळावर हाणला. नारळ नाही फुटला, कपाळ फुटलं. पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा ओघळ, बायकांची किंकाळी, मला मागे ओढणारे हात. मी आणखी एकदा हाणणार होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

आता माझ्यावरही केस आहे. त्या आठवड्यात खिडकीतून दगड आले, एक माझ्या पोरीच्या ताटात पडला. परवा मोटरसायकलवर दोघं येऊन विचारून गेले, तेरा भाई किधर रहता है. मी म्हटलं, मर गया.

का विचारतात, ते तुला आणि मलाच माहीत आहे. दाजी गेले त्या रात्री तापात तू बडबडलास. तू टेबलाखाली शिरला होतास, त्या पोराच्या हातातून चॉपर निसटला, तो उचलायला वाकला आणि तुमची नजरानजर झाली. पुढच्या महिन्यात कल्याणच्या कोर्टात खटला उभा राहतोय. सरकारी वकील म्हणतात, वार होताना डोळ्यांनी पाहणारा एक तरी माणूस हवा, नाहीतर पोरगा सुटला. पायल साक्ष देणार आहे, पण वार झाले तेव्हा ती तिथे नव्हती. पाहणारा तू एकटा. तुला ते मारूही शकतात, हे लपवत नाही. पण एक ऐक. पायल आता वांगणीला तिच्या मावशीकडे असते; तिथे ती माझ्या गळ्यात पडून रडली, तेव्हा तिनं सांगितलं. मी हे आईलासुद्धा बोलले नाही. दारात उभे होते तेव्हा दाजींचे पाय लटपटत होते आणि त्यांची पँट ओली झाली होती. तरी ते हलले नाहीत. तू टेबलाखाली शिरलास म्हणून माझ्यापासून तोंड लपवतोस, पण त्या दुपारी तुम्ही दोघंही सारखेच घाबरला होतात. मला शूर माणूस नको राजू, ज्यानं पाहिलं तो माणूस हवा. घाबरत ये, रडत ये, पँट ओली करत ये, पण ये.

तुझीच,
शीलाताई