तडा गेलेली मूठ

रविवार, ९ जून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, अपवाद फक्त माझे बूट. अथ पादत्राणविलापः! दोन्ही बुटांच्या नाड्या नाहीशा झाल्या असून, ज्याने जन्मभर पोरांना समास सोडवायला शिकवले तो तुझा दादा हल्ली शाळेत फटाक फटाक पाय ओढत जातो. चोर घरातलाच आहे. माझ्याकडे राहणाऱ्या तुझ्या लेकीने त्या नाड्यांची वेणी घालून धनुष्याला मनगटाचा पट्टा केला. त्यामुळे म्हणे बाण सुटला तरी धनुष्य हातातून पडत नाही.

"अगं, दुकानात मिळतो की," म्हटलं.

"दुकानातल्याला तुझ्या पायांचा वास कुठे येतो, मामा?"

जीभ बापावर गेली आहे. हातही. सांडपाण्याच्या पाइपचा भाता, कपड्यांच्या हँगरचं स्टँड. दोन्ही विकतच्या मालाच्या तोंडात मारतील असे. तिच्या कोचबाईंनाही ते मान्य आहे. नाही म्हणतात त्या एकाच वस्तूला.

तुला या प्रकारात कधी रस नव्हता, म्हणून सांगतो. या कंपाउंड धनुष्याचा दोर बोटांनी ओढत नाहीत. मुठीत धरायच्या एका आकड्याने ओढतात, त्याला रिलीज म्हणतात. तिचा रिलीज आमच्या मेहुण्यांनी, तिच्या बाबांनी केलेला, लाकडी मुठीचा. आजारपणाच्या आधीचं त्यांचं शेवटचं काम.

मी इकडचं तिकडचं लिहितो आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

हे धनुष्य पूर्ण ओढलं की ओझं एकदम हलकं होतं, त्यामुळे ताणून बराच वेळ उभं राहता येतं. ती राहते. नेम लागलेला असतो, हात स्थिर असतो, पण सोडत नाही. मग कुणी काही सांगितल्यासारखी मान जराशी हलते आणि बाण जातो. थेट मधोमध.

परवा विचारलं, "कुणाची वाट बघतेस एवढी?"

"बाबांची. ते 'सोड' म्हणाले की सोडते." मीठ दे म्हणावं तसं म्हणाली.

"आणि मी नवा रिलीज आणला तर?"

"त्यात ते कसे येतील?"

आम्ही न्यायशास्त्र घोकलेली माणसं. भूत प्रमाणांनी खोडून काढू. पण काल तिच्या मागे, मेहुणे उभे राहायचे तिथे, मी उभा होतो. आणि कुणाला जागा करून द्यावी तसा बाजूला सरकलो. का, ते मला सांगता येणार नाही.

आता मुद्दा. त्या मुठीला तडा गेला आहे. तिने गोंद भरला, वरून दोरा गुंडाळला. तडा वाढतोच आहे. कोचबाई काल म्हणाल्या, "पूर्ण ताणात फुटली तर हात सरळ तोंडावर येईल. डोळा वाचेलच असं नाही. काढून घ्या तिच्याकडून."

नवा रिलीज खोक्यासकट माझ्या कपाटात आहे. जुना तिच्या उशाशी असतो. आज ती अंघोळीला गेली तेव्हा मी तो उचलला, आणि परत ठेवला.

ते गेल्यावर ती कित्येक महिने एक शब्द बोलली नव्हती, तुला आठवतं. बोलली ती हे धनुष्य पुन्हा हातात घेतल्यावर. मूठ राहू दिली तर तिचा डोळा जाईल आणि काढून घेतली तर ती पुन्हा मुकी होईल, याची मला भीती वाटते, धाकटे. दोन्हीची सारखीच. माझं डोकं चालेनासं झालं आहे.

दुरुस्तीसाठी मैदान आजपासून बंद आहे, शुक्रवारी उघडेल. त्याआधी ये.

तुझी वाट पाहणारा,
दादा