बारा रजबच्या आधी मरण आल्यास

अल्लाच्या नावाने सुरुवात करून मी, आदम हुसेन होडेकर, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा सुकी मासळी (धंदा पत्नीचा, मी त्यात बसतो), राहणार मालवण, जिल्हा रत्नागिरी, लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे. ती उशिरा आली, पण आहे. छातीत पाणी झाले असून डॉक्टरांनी पंधरा-वीस दिवसांची मुदत सांगितली आहे. मजकूर माझा, अक्षर आल्बर्ट मास्तरांचे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी पलीकडच्या खोलीत आहे आणि दार लोटलेले आहे.

कलम १. घर, पडवी, सुक्या बांगड्याच्या गोणी, तराजू, वजने, गल्ला आणि ज्यावर पडून मी हे सांगतो आहे तो पलंग, यातले काहीही मी कोणाला देत नाही, कारण ते सर्व पत्नी रुकय्या हिचे आहे. मास्तर म्हणतात, जे आपले नाही ते मृत्युपत्रात घालत नाहीत. मास्तर, मग दोन ओळींत आटपेल. लिहा तुम्ही.

कलम २. ते तिचे कसे झाले, हे वारसांना कळावे म्हणून नमूद करतो. (मूलबाळ नाही. वारस म्हणजे तीच, आणि मुंबईचे दोन पुतणे.) आमच्यात साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतका पैसा किंवा विकायचा माल ज्याच्याकडे चांद्र वर्षभर राहतो, त्याने चाळिसावा हिस्सा गरिबांना द्यायचा असतो. ती जकात. माझे वर्ष रजब महिन्याच्या बारा तारखेला भरत असे. म्हणून दर अकरा रजबला मी पत्नीला म्हणत असे, "सगळा तुजा." तेरा तारखेला ती सगळे परत देत असे. वर्ष मोडले, जकात टळली. अशी नऊ वर्षे मी काढली आणि स्वतःला फार हुशार समजलो. दर बारा रजबला शेजारची विधवा मैमूना तीन मुले घेऊन दारात येई. मी तिला सांगे की माझ्याकडे काही नाही. त्यात खोटे एक अक्षर नव्हते.

कलम ३. नवव्या वर्षी हे उत्तर पत्नीने चुलीपाशी ऐकले. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे परत मागायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "तुमी दिलास, मी घेतलंय. आता परत कसला?" मी साक्षीदार बोलावला. गुणाजी तांडेल आम्हाला मासळी घालतो, आणि नऊही वर्षे एक कप चहा आणि दोन सुके बांगडे घेऊन या देण्याघेण्याला साक्ष राहिला होता. तो म्हणाला, "तू 'सगळा तुजा' म्हटलंस. 'दोन दिसांपुरता' म्हटलंस नाय रे!" या गुणाजीला मी काही देत नाही. साक्षीदाराला देऊ नये असे मास्तरही म्हणतात, बरे झाले. अडचणीच्या वेळी खरे बोलणारा दुसरा माणूस गावात नसल्यामुळे या कागदालाही साक्षीदार तोच आहे.

कलम ४. पुढल्या बारा रजबला पत्नीने हिशेब केला. सोळाशेचा माल, जकात चाळीस रुपये. वीस मैमूनाला दिले. उरलेले वीस कोणाला, म्हणून तिने काझीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, नवरा कंगाल असेल तर बायकोने त्याला द्यावी, सवाब, म्हणजे पुण्य, दुप्पट. तेव्हापासून सहा वर्षे मी माझ्याच दारात मैमूनाच्या मागे उभा राहून माझ्याच बांगड्यांची जकात घेतली. हेही कबूल करतो की पूर्वी बांगड्याचा भाव मी नेहमी कमी धरीत असे, आणि घेणारा झाल्यावर तो जास्त धरावा म्हणून भांडलो. पत्नीने बाजारात विचारून धरला.

कलम ५. छत्री. "सगळा तुजा" म्हटले तेव्हा ती दुरुस्तीला गेली होती, सबब माझी आहे. ती काझीसाहेबांना द्यावी. गळते.

कलम ६. आता मुद्द्याचे. त्या वीस रुपयांतला एक पैसा मी खर्चला नाही. सहा वर्षांचे एकशे वीस झाले. सराफ साडेबावन्न तोळे चांदीचे एकशे सात सांगतो. म्हणजे गेल्या बारा रजबपासून मी पुन्हा जकात लागू असलेला माणूस आहे आणि येत्या बारा रजबला माझ्यावर तीन रुपये निघतात. आज रजबच्या आधीच्या जमादिलाखर महिन्याची तेवीस तारीख. एकोणीस दिवस उरले. आधी मेलो तर वर्ष भरत नाही आणि जकात लागतच नाही. आयुष्यभर मी हेच साधले, आणि आता मला त्याचीच भीती वाटते. तसे झाल्यास मैमूनाला तीन रुपये द्यावेत. पण ती खैरात होईल, जकात नाही. मला जकात द्यायची आहे, एकदा तरी, माझ्या हाताने. म्हणून या कागदावर आज सही करीत नाही.

पुरवणी, बारा रजब. वर्ष भरले. जुम्म्याची नमाज झाल्यावर तीन रुपये घेऊन, गुणाजीच्या खांद्याला धरून मैमूनाच्या दारात गेलो. ती म्हणाली, "हे बायकोचे काय तुमचे?" मी म्हटले, "माजे." तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मगे देवा, घेतंय." देताना मला लाज वाटली, रडूही आले. गुणाजी दुसरीकडे बघत होता.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "आता तुमी गरीब नाय. यंदा तुमका कायएक मेळाचा नाय." मग गल्ल्याची किल्ली पुढे करून म्हणाली, "घेवा तुमचा सगळा परत." मी म्हटले, "नको गो, चाळीस रुपये काढूचे लागतले." सात वर्षांत ती पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. किल्ली तिच्याकडेच आहे.

माझ्याकडे एकशे सतरा उरले. अजून एकशे सातच्या वरच आहेत. पुढल्या बारा रजबला दोन रुपये साडेब्याण्णव नये पैसे निघतील, अर्धा नया पैसा मिळत नसल्यामुळे त्र्याण्णव. सबब हे मृत्युपत्र तोवर अमलात आणू नये. डॉक्टरांना कळवले आहे. मैमूनालाही तसे सांगून आलो आहे.

सही: आदम हुसेन होडेकर
साक्षीदार: गुणाजी तांडेल (अंगठा)
साक्षीदार व लेखक: आल्बर्ट मास्तर (सही. मजकूर कायद्यात बसतो की नाही याची हमी नाही.)
वाचून दाखवले, ऐकले: रुकय्या (अंगठा. दार लोटलेले होते, तरी आधीच ऐकले होते.)
मालवण, शुक्रवार, २३ जानेवारी १९५९