जावळ कोणाच्या मांडीवर

१० सप्टेंबर, बुधवार

आज नंदूसाहेबांनी माझा मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरला. वर झाकण घट्ट! मी अर्धा तास घर डोक्यावर घेतलं आणि हा माझ्या मागे मागे फिरत विचारतोय, "नाही मिळत?" तीन वर्षांना अजून दीड महिना कमी आहे, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. जीवन म्हणाला, पुढे वकील होणार. मी म्हटलं, वकील कसला, आरोपी! पण काय डोकं आहे पोराला. शेवटी रिंग वाजली तेव्हा डब्याला मिठी मारून उभा राहिला.

लग्नाला पाच महिने झाले. करंजाड्याच्या या घरात सगळ्यात लाडकं कोण, असं कुणी विचारलं तर जीवनचं, माझ्या नवऱ्याचं, नाव दुसरं येईल. नंदू मला "किशोली" म्हणतो. त्याचा बाप हाक मारतो तशीच. आई म्हण, असं मी कधी सांगितलं नाही. त्याची आई कीर्ती, तो आठ महिन्यांचा असताना गेली. हॉलमध्ये फोटो आहे. झोपायला जाताना तिला रोज टाटा करतो, न चुकता.

११ सप्टेंबर

नंदू मासळी पुन्हा थुंकला. सुरमई होती! सासूबाई म्हणाल्या, तुझ्या हाताला चव नसेल. गप्प बसले. तोंडाने.

१३ सप्टेंबर, शनिवार

ठरलं. नंदूचं जावळ दसऱ्याला. कीर्तीच्या जाण्याने राहून गेलं होतं, आता तिसरं सरायच्या आत व्हायलाच हवं. केस खांद्याखाली आलेत. मी दोन शेंड्या बांधते आणि लिफ्टमध्ये लोक "किती गोड मुलगी" म्हणतात. त्यावर हा मान वळवून बघतो, कोण मुलगी ते!

प्रश्न मामाचा. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं. मामा म्हणजे कीर्तीचा भाऊ भरत. उरणला मोरा बंदरावर राहतो, होडी आहे. जीवनने दुसरं लग्न केल्यापासून त्याने या घराची पायरी चढलेली नाही. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला — "नाय येत तर नको येव. आता तुजा भाव त्याचा मामा."

मला इतका आनंद झाला की भाजी करपली. प्रितेश मामा, म्हणजे मी... पुढचं लिहीत नाही. लगेच माहेरी, ओव्याला, फोन केला. दहा मिनिटांत प्रितेशने मोबाइलवर पत्रिका बनवून पाठवली. नंदूचा दोन शेंड्यांचा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरांत "मामा : प्रितेश". मी सगळीकडे पाठवून मोकळी!

१४ सप्टेंबर

सगळीकडे म्हणजे जीवनच्या घरच्या ग्रुपवरसुद्धा. त्यात कीर्तीची आई सोनाबाई आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांचा मोबाइल भरतच बघतो. संध्याकाळी दिसलं, सोनाबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. कुणी एका शब्दाने बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. कीर्तीचं पान मी वाढलं. या घरात गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात, मग मासळीसुद्धा चालते. मी विचारलं, तिला काय आवडायचं? सासूबाई म्हणाल्या, सगलंच खायची. जीवन बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, कोलंबी असेल. असेल! तीन वर्षांचा संसार. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. कोलंबीचं कालवण ठेवलं.

नंदू पानासमोर बसून होता. "ममा जेवनाल?" म्हटलं, हो.

उद्या हा मोठा होईल. आई कशी होती, काय खायची, कशाला हसायची, हे विचारेल. आम्ही काय सांगणार, कोलंबी असेल? ज्याला हे ठाऊक आहे त्याचंच नाव मी पत्रिकेतून उडवलं.

१९ सप्टेंबर

जीवनला सांगितलं, भरतला बोलवायला मी जाते. म्हणाला, अपमान करेल. करू दे. मला भीती वेगळीच आहे, ती त्याला सांगितली नाही. भरत त्या मांडीवर बसला की अख्ख्या इमारतीला दिसणार, पोरगा कुणाचा ते. मी मग फक्त पंगत वाढणारी.

२४ सप्टेंबर

नंदू घंटागाडीच्या काकांना रोज सलाम ठोकतो. आज त्यांनी उलट सलाम ठोकला. दिवसभर स्वारी छाती काढून फिरतेय!

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळीच नंदूला घेऊन उरणची एसटी धरली. वाटेभर त्याने कंडक्टरला "तिकीट द्या" म्हणून हैराण केलं. शेवटी त्याने एक जुनं तिकीट दिलं.

सोनाबाईंनी नंदूला पाहिलं आणि उंबऱ्यातच बसल्या. त्याला कुशीत घेऊन नुसत्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. एरवी हा अनोळखी माणसाकडे जात नाही. आज गप्प बसला, त्यांचे डोळे स्वतःच्या बाहीने पुसले. कुठून येतं हे याला?

भरत अंगणात जाळं शिवत होता. मान वर केली नाही. मी म्हटलं, भाऊ, दसऱ्याला तुम्ही यायचं.

"कारडावं नाव दुसऱ्याचा हाय."

"चूक माझी आहे. प्रितेशला सांगून आलेय. मांडी तुमचीच."

त्याने सुई खाली ठेवली. "तुमाला काय पडलाय येवढा?"

मी सांगितलं. नवमीचं पान, जीवनचं "असेल", सगळं. कीर्ती काय खायची ते तुम्हीच सांगू शकता, म्हटलं.

कोलंबीचं ऐकून तो हसला. मग हसताहसता रडायला लागला. "मासली नाय खायची ती. कोल्याची पोर, पन लहानपनापासून थुकायची. शेंगदान्याची चटनी आन् भाकर. लग्न झाल्यावं खायला लागली, सासू काय म्हनेल म्हनून."

मी नंदूकडे बघितलं. सोनाबाई त्याला चटणी-भाकरी भरवत होत्या आणि हा दोन्ही गाल फुगवून खात होता. अडीच भाकऱ्या!

येतो म्हणाला नाही. म्हणाला, होडी बाहेर असंल तर नाय जमनार.

२९ सप्टेंबर

जीवनला चटणीचं सांगितलं. उठून गॅलरीत गेला, तासभर तिथेच उभा होता. आत आल्यावर शेंगदाणे भाजायला बसला.

१ ऑक्टोबर

फोन नाही. प्रितेश म्हणाला, ताय, मी नवा शर्ट घालून येतो. तो आला तर पंगत वाढीन, नाय आला तर मांडी घालीन. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

२ ऑक्टोबर, दसरा

साडेदहाचं ठरलं होतं. न्हावीकाका काशिराम वस्तरा पुसून पुसून कंटाळले. अकरा. सव्वाअकरा. सासूबाई प्रितेशला म्हणाल्या, बस आता. तो पाटावर बसायला वाकला आणि लिफ्टचं दार वाजलं. भरत! अंगाला मासळीचा वास, होडीवरून थेट आलेला, काखेत नंदूच्या नव्या कपड्यांची पिशवी. प्रितेशने पाट त्याच्याकडे सरकवला.

मी ठरवल्याप्रमाणे स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पहिली बट पडली आणि नंदूने जो टाहो फोडला! "किशोलीऽऽ!" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझा पाय उचलेना. हक्क नाही असंच वाटत होतं.

भरतने वस्तरा थांबवायला सांगितला. तिथूनच म्हणाला, "हात धर त्याचा. मांडी माजी हाय, पन हात तुजा पायजे."

गेले. धरला. माझी दोन बोटं घट्ट पकडून नंदू बसला आणि पुढे हूं की चूं केलं नाही. डोकं झालं तेव्हा आरसा मागितला, बघितलं, आणि म्हणाला, "छान." स्वतःलाच! इतका रुबाबदार टकलू मी आयुष्यात बघितलेला नाही.

भरत जेवला. जाताना मला काही न सांगताच गेला. असो. माझ्या पोराचं... नंदूचं जावळ झालं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी प्रितेशला ओवाळलं. तो गेला, ताट विसळून ठेवलं. दुपारी दार वाजलं. भरत. आत आला, पाट स्वतःच मांडला, डोक्यावर रुमाल टाकला आणि बसला.

"कीर्ती गेली तवापासून पाटावं बसलू नाय," म्हणाला. "ओवाळ."