हरणाची वरात

ती. अक्कास,

यंदा विस्कॉन्सिनला बर्फाऐवजी चिखल आहे, म्हणून साष्टांग नमस्कार कागदावरच. मी खुशाल आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

शेजारच्या ऑर्विलने पायाच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथमच हरीण मारलं. त्याच्या नेहमीच्या खाटकाने दुकान बंद केलेलं, आणि ऊन अवेळी तापलेलं. मांस नासलं तर त्याचं हिवाळ्याचं जेवण गेलं. तरी गृहस्थाने ट्रकमधून हरणाचं दर्शन गावभर घडवलंच. इकडची रीतच ती. सारथी मी.

शेवटी लावॉन नावाच्या खाटकीणबाई सापडल्या. त्यांनी हरणाच्या पोटात हात घालून पाहिलं.

"वरात संपली का, नवरदेव? आणखी मिरवला असतास, तर कुत्र्यांना जेवण झालं असतं!"

ऑर्विल मान खाली घालून म्हणाला, "वाचलं का?"

"वाचलं. आणि तुला तुझ्याच हरणाचं मांस मिळेल. माझ्याकडे दुसऱ्यांच्या शिकारीशी सरमिसळ चालत नाही."

ऑर्विलचा चेहरा उजळला. माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "मग ह्या पंडितांच्या वाट्याचे सॉसेज करा."

मी अहिंसेवरचा श्लोक आठवत होतो, तोवर बाईंनी विचारलं, "तिखट की सौम्य?"

अक्का, मी 'तिखट' म्हणालो. हे पत्र बाबांच्या तसबिरीसमोर वाचू नकोस.

तुझा, थंडीला आता न भिणारा,
श्रीपाद